धोंड, आणि पुढे एक उभी रेघ

तिकीट खिडकीमागे जिची हयात गेली, तिला निवृत्तीनंतरची शांतता सोसत नाही. मला तर अजिबात सोसली नाही. दौंड स्टेशनात मी रोज गाडीभर माणसांशी भांडत होते. घरी बसल्यावर भांडायला एकटा नवरा उरला, आणि तो बिचारा कितीसा पुरणार! मुलगी शिरूरला दिली आहे. फोनवर माझी गाऱ्हाणी ऐकून तिचे कान किटले. एकदा आली ती टॅबलेट घेऊनच. म्हणाली, "आई, आता ह्यात भांड. बाबांना सोड."

त्यातच मला ती वेबसाइट सापडली. परदेशातल्या एका संग्रहालयात आपल्याकडचे जुने फोटो पेट्या भरभरून पडले होते. कोणी काढले, कुठं काढले, कधी काढले, कशाचा पत्ता नाही. त्यांनी ते सगळे इंटरनेटवर मांडले आणि जगाला सांगितलं, बघा बाबांनो, कोणाला काही ओळखू येतंय का. प्रत्येक फोटोखाली लिहायला जागा. पगार नाही, हजेरी नाही, कोणी बोलावत नाही आणि कोणी हाकलत नाही. असल्या फुकटच्या धंद्याला कोण मरायला येणार, असं मला वाटलं.

आणि बघते तर काय, जत्रा भरलेली! कुठली कुठली माणसं, एकमेकांचं तोंड न पाहिलेली, एका बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांवरून आठवडा आठवडा वाद घालत होती. साताऱ्याचे एक निवृत्त भूगोलाचे सर होते. ते सावल्या बघून महिना सांगायचे, आणि बरोबर सांगायचे. संग्रहालयातली एक बाई होती, ती फिल्मच्या कडेवरच्या खुणांवरून काळ सांगायची. कोणाच्या तरी मेलेल्या माणसांसाठी ही जिवंत माणसं आपले डोळे फोडून घेत होती. माझा हिशेब चुकला होता. मी तोंडात बोटं घातली आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण आटोपलं की टॅबलेट घेऊन बसायला लागले. गाड्या, डबे, सिग्नल, फलाट असलं काही आलं की सगळे मला हाक मारायचे.

अशात तो फोटो आला.

एका देवळापुढं गर्दी. पटकेवाले पुरुष, नऊवारीतल्या बाया, उन्हानं मिटलेले डोळे. पुढं दोन दीपमाळा, त्यातली एक निम्म्यातून मोडलेली. मागं बुटकी टेकडी. गर्दीच्या मधोमध पाल्याचा एक उंच ढीग आणि त्यावर एक बाई घागरीनं पाणी ओतत होती. मूळ फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं इंग्रजी लिहिलेलं होतं, त्याचाही फोटो सोबत दिला होता. डी, एच, ओ, एन, डी आणि पुढं एक उभी रेघ.

आता आमच्या दौंडचं इंग्रजांच्या वेळचं स्पेलिंग तेच, धोंड. जुन्या तिकिटांवर मी ते पाहिलेलं. सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं की फोटो दौंडचा. आणि उभी रेघ म्हणजे रोमन आकडा एक. म्हणजे हा दौंडचा पहिला फोटो, तेव्हा दुसरा आणि तिसराही असणारच. साताऱ्याचे सर 'धोंड दोन' शोधायला वेबसाइटवरच्या पेट्यांमागून पेट्या उलथ्या करायला लागले. पाल्याचा ढीग म्हणजे नवं लावलेलं पवित्र झाड आणि बाई त्याला पाणी घालते आहे, असंही ठरलं. कोणी तरी लिहिलं, किती सुंदर परंपरा!

मी हरखले होते, खोटं कशाला बोलू. दौंड म्हटलं की लोकांना एवढंच ठाऊक की इथं गाडी उलटी फिरते आणि इंजिन बदलतं. कोणी आमच्या गावाचा फोटो काढावा, तो सातासमुद्रापार जपून ठेवावा आणि आज जगानं त्यावर डोकं खाजवावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पण ती टेकडी काही मला पचेना. मी लिहिलं, "सर, दौंडात टेकडी नाही. आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे रेल्वेचा पूल."

सरांचं उत्तर आलं, "बाई, टेकड्या खणून नेतात. खडीला गेली असेल."

"अहो, टेकडी गेली असेल, पण दीपमाळा काय खिशात घालून नेल्या?"

झालं, जुंपली आमची. मी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोटो दाखवत फिरले. ज्याला त्याला आपलंच देऊळ वाटायचं आणि जवळ धरला की वाटायचं नाही. घरी तर धोंड, धोंड आणि धोंड. नवरा टेकीला आला.

अधिक महिना तोंडावर आला होता. तो एकदा जेवताना म्हणाला, "तुझं ते धोंड पुरे कर आता. धोंड्याचा महिना लागतोय. जावयाला बोलवायचं का नाही? पुरणाचे धोंडे कोण करणार, साताऱ्याचे सर?"

मी त्याच्यावर खेकसणार होते. पण 'धोंडे' हा शब्द कानात पडला आणि घास तसाच हातात राहिला. धोंड. धोंडा. धोंडी!

ती उभी रेघ म्हणजे एक नव्हताच. ती इंग्रजी आय होती, टिंब पुसलेली. धोंडी!

लहानपणी आजोळी मी ती पाहिलेली. पाऊस ओढ काढायचा, विहिरी तळाला जायच्या, तेव्हा एखाद्याला डोक्यापासून खाली कडुलिंबाच्या डहाळ्या बांधायच्या आणि वाजवत गावभर फिरवायचं. दारोदारच्या बाया त्याच्यावर घागर उपडी करायच्या. देवा, ह्याला भिजवलं तसं रानाला भिजव. तो जो पाल्यात गुंडाळलेला, तो धोंडी. फोटो काढणाऱ्यानं गावाचं नाव लिहिलंच नव्हतं. त्यानं कोणाला तरी विचारलं असेल, हे काय आहे? आणि कोणी सांगितलं असेल, धोंडी.

उष्ट्या हातानं मी टॅबलेट ओढला. बोटांनी फोटो मोठा केला. ज्याला आम्ही सगळे झाड झाड म्हणत होतो, त्या पाल्यातून माणसाचं एक कोपर बाहेर आलं होतं. कोपर! इतक्या जणांनी, इतके दिवस, दीपमाळा बघितल्या, पटके बघितले, घागरीची कड बघितली. आणि बरोबर मधोमध एक जिवंत माणूस उभा होता, तो एकालाही दिसला नाही. मलाही नाही. मी नवऱ्याला दाखवला. त्यानं चष्मा शोधून आणला.

मी खाली लिहिलं, "हे झाड नाही, माणूस आहे." मग काय विचारता! तिकडून संग्रहालयातल्या बाईनं मूळ फिल्म काढून पुन्हा मोठी प्रत करून टाकली आणि लिहिलं की फिल्म तुमच्या स्वातंत्र्याच्या आगेमागे दोन-चार वर्षांतली. सरांनी 'धोंड दोन' सोडून दिलं आणि मला लिहिलं, "बाई, तुम्ही जिंकलात. आता गाव शोधा." सगळ्यांचाच सूर बदलला. आधी जागेबद्दल बोलत होते, आता सगळे एकच विचारत होते, हा माणूस कोण?

जावई धोंड्याला आला, पुरणाचे धोंडे हाणले, आणि जाताना तो दीपमाळांचा फोटो आपल्या फोनवर घेऊन गेला. शिरूरात त्याच्या ओळखी पुष्कळ. मोडक्या दीपमाळेनं काम केलं. घोड नदीच्या काठच्या एका गावातून उलटा फोन आला, ही तर आमची दीपमाळ, वीज पडून मोडली ती.

मी आणि मुलगी गेलो. वाटेत इनामगाव लागलं. तिथं हजारो वर्षांमागची माणसं उकरून काढली आहेत. ती काय खात होती, मेलेलं लेकरू कसं पुरत होती, सगळं शहाण्या लोकांनी सांगितलं आहे. आणि आपण निघालो आहोत ते माझ्या जन्माच्या थोड्या आधी उन्हात उभ्या असलेल्या एका माणसाचं नाव शोधायला, आणि ते मिळेल का याचा भरवसा नाही! मुलीला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, नाव मिळालं तर तू काय करणार?"

देऊळ तेच. टेकडी तीच. आता पाठीला कांद्याच्या चाळी आणि मोबाइलचा टॉवर. देवळाच्या पायरीवर एक आबा बसले होते, नव्वदीला टेकलेले. टॅबलेट त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि एकेकाला बोट लावून ओळखायला लागले. हा माझा चुलता. ही पाटलाची थोरली सून. हा बारका दिसतोय ना नाक पुसताना, तो मीच. मधल्या पाल्यापाशी येऊन थांबले.

"हा धोंडी. तिकडच्या वस्तीतला. दोघं हुते तवा. कवा ह्यो, कवा त्यो."

"ह्यातला कोणता, आबा?"

"त्वांड कुठं दिसतंय, बाई?"

"आणि कायम वस्तीतलेच का? गावातलं कोणी होत नव्हतं धोंडी?"

"आमच्यातलं कसं व्हनार? दिसभर भिजायचं, थंडी-ताप भरला मंजी?"

माझं डोकं तडकलं. "का हो, त्यांना ताप भरत नाही वाटतं?"

आबांनी टॅबलेट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "भरला की. त्यातला एक त्याच सालात तापानं गेला. बायकू तान्ही पोरगी घिऊन दौंडाला भावाकडं गेली, ती परत आलीच न्हाई. दुसरा गेला ममईला. त्याचं कुनी न्हाई आता."

दौंडाला! फोटो दौंडचा नाही म्हणून मी जगाशी भांडले, आणि ती तान्ही पोरगी माझ्याच गावात. भाऊ रेल्वेत खलाशी होता एवढा धागा आबांनी दिला, आणि रेल्वेतला माणूस शोधणं म्हणजे माझ्या हातचा मळ. बौद्ध वस्तीतलं ते घर माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. ती बाई आता ऐंशीला आलेली. कदाचित माझ्याच खिडकीवर कितीदा तरी आली असेल, आणि मी तिलाही "पुढं व्हा, पुढं व्हा" करून हाकललं असेल.

जायच्या आधी मी पुष्कळ घाबरले. तिला बापाचा चेहरा आठवत नाही हे फोनवर तिच्या मुलानं सांगितलं होतं. फोटो नाही, चित्र नाही, काही नाही. आता मी तिला काय दाखवायला चालले होते? एक पाल्याचा ढीग, आणि तोही दोघांपैकी कोणाचा ते ठाऊक नाही. तिनं आशेनं बघावं आणि तो दुसराच निघावा, यापेक्षा मोठं पाप नाही.

घर नीटनेटकं, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, समोर ताजी फुलं. मुलगा कंपनीतून पहिली पाळी करून आलेला, गणवेशातच. मावशी खाटेवर बसलेल्या, बारीक, काटक. मी आधीच सगळं सांगून टाकलं. दोघं होते, चेहरा झाकलेला आहे, खात्री नाही.

मुलानं फोटो आधी आपल्या हातात घेतला. बघता बघता त्याचा चेहरा ताठ झाला.

"मॅडम, एक विचारू? ज्या गावात आमच्या माणसाला पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, तिथं त्याच्या डोक्यावर घागरी ओततायत. का? तर त्यांना पाऊस पाहिजे. बघा ती बाई. किती वरून ओततीये, अंगाला अंग लागू नये म्हणून. हे सगळं आम्ही कधीच टाकून दिलं. आता हे जगाला दाखवायचं? लोक खाली लिहिणार, किती सुंदर परंपरा."

तसं लिहूनही झालं होतं. फोटोतल्या त्या घागरीची कड मी शंभरदा बघितली असेल. घागर आणि पाला यांच्यामधलं अंतर मी बघितलंच नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात तर मी नाव लिहिणार नाही. कोणालाच सांगणार नाही."

"आन् मला इचारणार हायसा का न्हाई?" मावशी म्हणाल्या. "आन इकडं. माझा बा हाय का तुझा?"

मुलानं टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. मी बोटांनी फोटो मोठा करून दिला, चेहऱ्याच्या जागी नेला. तिथं नुसता लिंबाचा पाला. त्या बघत राहिल्या. पाल्यातून डोळा दिसतो का, नाक दिसतं का. मी इतके दिवस जे करत होते तेच. शेवटी त्यांनी मान हलवली.

"न्हाई बाई. काय सुदीक दिसत न्हाई."

त्यांनी टॅबलेट मला परत द्यायला उचलला, तेव्हा त्यांचं बोट काचेवरून घसरलं आणि फोटो वर सरकला. खालची ओली जमीन आली. चिखल, पाण्याची धार, आणि त्यात दोन अनवाणी पाय. नव्या प्रतीत चिखलाचा कण न् कण दिसत होता.

मावशींचा हात थांबला.

"आगं आई गं."

"काय झालं?" मुलगा पुढं झाला.

त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले, लुगड्याचा काठ वर घेतला आणि पाऊल आमच्यापुढं धरलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं नखांपर्यंत एकमेकांना चिकटलेली. दोन्ही पायांची. मी फोटोत बघितलं. चिखलात, अंगठ्याशेजारी, दोन बोटं एक झालेली. दोन्ही पायांची.

"लग्नात माझी जोडवी चढंनात," मावशी बोलायला लागल्या, अगदी हळू. "वरच्या वर आडकायची. सासू म्हनली, पोरीत खोट हाय. मांडवात गलका झाला. माझी आई कुनाच्या म्होरं कवा बोलली न्हाई, पर त्या दिशी बोलली. म्हनली, खोट न्हाई, तिच्या बाचं पाय हायेत. तवापास्नं मी माझं पाय बघत आले. म्हनलं, बा असला आसंल. एवढाच बा माझ्याकडं हुता."

मुलगा तिथंच जमिनीवर बसला. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही. कोण कुठला फोटो काढणारा, चेहरा नसलेल्या माणसावर त्यानं बटण दाबलं. कोण कुठल्या बाईनं ती फिल्म सांभाळली. कोण कुठले सर, कोण कुठला जावई. आणि इकडं एक मुलगी आयुष्यभर स्वतःच्या पावलांकडं बघत बसलेली. हे सगळं त्या चिखलात येऊन एकमेकांना मिळालं. देव आहे का नाही ते मला माहीत नाही, पण त्या घरात त्या वेळी मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला होता.

शेवटी मुलगा म्हणाला, "मॅडम, लिहा. पण नुसतं धोंडी नका लिहू. पूर्ण नाव लिहा. आणि ती घागर वरून का ओतलीये, तेही लिहा."

"शब्दन् शब्द लिहिते," मी म्हणाले. त्यानं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, सगळं. मी त्याच्यासमोर टाइप केलं आणि त्यानं दोनदा वाचून बघितलं.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "नेऊ नका आजून. ते खाली ठिवा."

मुलानं कपाटातून धुतलेला टॉवेल काढून जमिनीवर अंथरला. मी त्यावर टॅबलेट ठेवला, पडद्यावर नुसते ते दोन पाय. मावशींनी डोक्यावर पदर घेतला. गुडघे वाकत नव्हते, मुलानं दंडाला धरलं. तशाच कळ सोसत त्या खाली बसल्या, वाकल्या, आणि दोन्ही हातांची बोटं त्या पावलांना लावली.

काचेला बोटं लागली तसा फोटो हलला. पाय सरकून वर गेले.

मावशी दचकल्या. हात तसाच अधांतरी. मी म्हणणार होते की मावशी, ह्या टॅबलेटचं असंच असतं, हात लागला की सरकतं. पण त्यांनी तोंड वर केलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, एखाद्या लहान मुलीनं हसावं तशा.

"बघितलंस का," त्या लेकाला म्हणाल्या, "पाय मागं घेतलं. ऱ्हाऊ दे म्हनतोय बा."